करंट नसलेल्या दिवशी

मंगळवारी हेस्कॉमवाल्यांनी सकाळी दहालाच करंट काढला
आणि वडगावातले सगळे माग एकदम गप्प झाले.
बावीस वर्षं ज्या खटखटीत मी जेवले, भांडले, झोपले
ती गेली,
आणि घर बोलायला लागलं.

मोरीतला नळ. टप्.
दोन थेंबांच्या मध्ये नवऱ्याचं नाव
उखाण्याशिवाय घेऊन होत होतं.
खिडकीचं एक दार बिजागरीतून सुटलेलं,
वारा आला की कुणी खाकरून आत यावं तसं.
फडताळ आपलं आपण उघडत होतं.
सात वर्षं त्याच्या फटीत कागदाची एक घडी:
आधी जावेच्या भावाची लग्नपत्रिका,
मग रेशनची पावती,
आता धाकट्याच्या दहावीच्या मार्कांची झेरॉक्स.

नवऱ्याला विचारा, रविवार.
कोणता ते लोंढ्याच्या गाडीला माहीत.
बसू प्लंबरला फोन करा, "नाळे बर्तेन्री, अक्का."
त्याच्या त्या नाळेला एव्हाना मिशा फुटल्या असतील.
आणि मी तरी काय केलं?
नळाखाली बादली ठेवली
आणि तिला सोय म्हटलं.

येळ्ळूर रोडच्या हार्डवेअरमध्ये पोरगा म्हणाला, "साईज काय, वैनी?"
मी दोन बोटांत दाखवली, हिंग दाखवतात तशी.
वायसर, बिजागरी, सहा स्क्रू, फडताळाला लोहचुंबक.
अठ्ठ्याऐंशी रुपये.
पाना निंगव्वाकडून आणला.
"मेन कॉक बंद केलीस काय?" ती कुंपणावरून ओरडली
तेव्हा मी निम्मी भिजले होते.

अकरा मिनिटं.
मी मोबाईलमध्ये बघितलं. अकरा.
मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिले,
पदर पिळला.
या अकरा मिनिटांपायी
एक अख्खी दिवाळी आम्ही एकमेकांशी
पोरांच्या मार्फत बोललो होतो.

मग हात थांबेना.
खिडकी केली. फडताळ केलं.
(झेरॉक्स उलगडून बघितली: गणित एकाहत्तर.
तेव्हा मी त्याला बरं म्हटलं नव्हतं.)
मागचं दार फुगलेलं, खांद्याने ढकलावं लागायचं,
त्याला पॉलिशपेपर घासत घासत वर गेले
तर चौकटीवर हुक्केरी मास्तरांची लाल अक्षरं.
घर विकून गेले ते, अक्षरं ठेवून.

मी चंदगडची. कानडी अक्षर तेव्हा येत नव्हतं.
वर्षभर वाटायचं, त्यांच्या लेकीचं नाव असेल.
पुढे बसच्या पाट्यांवरून जोडत जोडत वाचलं: नाळे बा.
बा म्हणजे आमच्याकडे बाप,
म्हटलं, कुणाचा तरी बाप.
निंगव्वा पोट धरून हसली.
रात्री कुणी तरी येतं म्हणे दार वाजवत,
वाचतं, "उद्या ये",
आणि मुकाट परत जातं.
शिकलेलं भूत!
आणि त्यालाही कुणी रोज तेच सांगावं.

पॉलिशपेपर अक्षरांपाशी नेला,
काढला,
परत नेला.
बाकीची चौकट घासली.

पाचला करंट आला.
गल्लीतले माग एकेक करून उठले,
आधी कुंदरगींचे, मग पलीकडचे, मग सगळेच.
नळ गळतो की नाही
आता कानाला कळणार नव्हतं.
तळवा धरला खाली.
बराच वेळ.
कोरडा.

रात्री हे आले. "चहा घेतलो मी स्टँडात," म्हणाले.
मागचं दार सवयीने खांद्याने ढकललं
आणि जवळजवळ परसात पडले.
"कुणी केलं?" म्हणतील म्हणून मी उभी.
काही नाही. दाराकडे बघितलं, पायाकडे बघितलं,
हातपाय धुतले,
आणि बादली पुन्हा नळाखाली
नीट मधोमध सरकवून ठेवली.

सांगावं म्हटलं.
मागांची खटखट होती.
उद्या.